बॉल दोघांच्या मधेच का पडतो? सर्व्हिस रिसिव्हचं जुनं दुखणं आणि त्यावरचे उपाय

तक्रार अशी असते. व्हॉलीबॉलचा सेट १६-१६ वर चाललेला असतो. समोरून एक जण सर्व्हिसला येतो, फार जोरात मारतही नाही, आणि बघता बघता स्कोअर २१-१६ होतो. त्या पाच पॉइंटांत आपल्या एकाही स्मॅशरला उडी मारायची वेळ येत नाही. बॉल दोन खेळाडूंच्या मधे जमिनीवर पडतो, दोघं एकमेकांकडे बघतात, मागून कुणीतरी ओरडतं, "अरे, घ्या ना कुणीतरी!" आणि पुढची सर्व्हिस पुन्हा त्याच जागी येते.

वडोदऱ्यात मांजलपूर, कारेलीबाग, अकोटा, दांडिया बाजार, कुठल्याही भागातला संध्याकाळचा व्हॉलीबॉल बघा, हे दुखणं दिसतंच. नवरात्रात मैदानावर गरब्याचा मांडव पडला की सराव सुटतो आणि दिवाळीनंतर ते पुन्हा डोकं वर काढतं. पावसाळ्यानंतर तेच. उपाय म्हणून दर वेळी सांगितलं जातं, "लक्ष द्या" आणि "बोला रे". दोन्ही सांगून झालं तरी चार दिवसांत बॉल पुन्हा मधेच पडायला लागतो, कारण बिघाड लक्षात नसतो आणि आवाजातही नसतो. समोरचा सर्व्हिस मारायच्या आधी कोणी काय घ्यायचं हे ठरलेलं नसतं, बिघाड तिथे असतो. खालचं सगळं त्याभोवती आहे.

आधी एवढं बघा: बॉलला हात लागला होता का?

सर्व्हिसवर गेलेला पॉइंट दोन प्रकारचा असतो. एक, बॉल कुणाच्या तरी हाताला लागून उडाला, मागे गेला, बाजूला गेला, नेटपलीकडे आयता गेला. दोन, बॉलला कुणाचाच हात लागला नाही. पहिला प्रकार हाताचा, पायाचा, गुडघ्याचा आहे. दुसरा वाटणीचा आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि बहुतेक गट दुसऱ्या दुखण्यावर पहिल्याचं औषध देत राहतात: बॉल मधे पडला की सगळ्यांना भिंतीवर अंडरहँड मारायला लावतात. त्याने हात सुधारतील, पण मधली फट तशीच राहील.

म्हणून दोन-तीन संध्याकाळी कुणाला तरी वही घेऊन बाजूला बसवा. त्या दिवशी ज्याचा पाय मुरगळलाय तो चालेल, कुणाची बहीण चालेल. पानावर आपल्या बाजूचा ९ बाय ९ मीटरचा चौकोन काढायचा. सर्व्हिसवर पॉइंट गेला की बॉल पडला तिथे खूण करायची, हात लागला असेल तर गोल आणि नसेल तर फुली. शेजारी दोन गोष्टी लिहायच्या: फुलीच्या दोन्ही बाजूंना कोण होतं, आणि आपला लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारा, त्या वेळी रोटेशनच्या कितव्या क्रमांकावर होता (मागे उजवीकडे १, नेटजवळ उजवीकडून डावीकडे २, ३, ४, मागे डावीकडे ५, मागे मधे ६). हा दुसरा मुद्दा लोक सोडून देतात, पण निम्मा उलगडा तिथेच होतो. मोबाइलने शूटिंग घ्यायचं असेल तर एंड लाइनच्या मागून, कुंपणाच्या जाळीच्या खांबाला उंचावर बांधून घ्या. बाजूने घेतलेल्या शूटिंगमध्ये दोघांमधलं अंतर कळत नाही.

हे पान भरलं की वाद थांबतात. "तुझ्यामुळे गेला, माझ्यामुळे नाही" यात जाणारा वेळ वाचतो, आणि फुल्या सगळ्या मैदानभर पसरलेल्या नसतात हेही दिसतं. त्या दोन-तीन ठिकाणी दाटलेल्या असतात.

एका सेकंदात ठरवणं होत नाही

उभ्याने मारलेली साधी फ्लोट, म्हणजे बॉल न फिरवता मारलेली, सर्व्हिस ताशी ५५ किलोमीटरने आली असं धरू. म्हणजे सेकंदाला साधारण १५ मीटर. एंड लाइनपासून नेट ९ मीटरवर, आणि सर्व्हिस उचलणारा रिसिव्हर नेटच्या अलीकडे सहा-सात मीटरवर. सगळा प्रवास एका सेकंदाचा. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ बॉल नेटपर्यंत यायलाच जातो. उरलेल्या अर्ध्याहून कमी सेकंदात माझा की त्याचा हे ठरवायचं, पाऊल टाकायचं, हात जोडायचे आणि बॉल लिफ्टरकडे द्यायचा. एवढं कुणालाच जमत नाही, मोठ्या संघांनाही नाही. त्यांना जमल्यासारखं दिसतं, कारण त्यांचं पहिलं काम आधीच झालेलं असतं.

पाच जणांचा डब्ल्यू: माणसं जास्त, फटी त्याहून जास्त

आपल्याकडे अजून बहुतेक गट रिसिव्हला डब्ल्यू लावतात. लिफ्टर नेटला, तिघं पुढे, दोघं मागे. शाळेत पी. टी. च्या सरांनी तेच शिकवलेलं असतं, आणि नवख्या मुलांसाठी ते ठीकही आहे, कारण कुणालाच फार हलावं लागत नाही. पण फटी मोजा. पुढच्या तिघांत दोन, मागच्या दोघांत एक, आणि पुढच्या-मागच्यांच्या मधे चार. एकूण सात जोड्या, ज्यांच्यात "तू की मी" हा प्रश्न पडू शकतो. तेच फक्त तिघांनी एका ओळीत मैदान घेतलं तर फटी दोन. प्रत्येकाच्या वाट्याला रुंदीचे तीन मीटर येतात, म्हणजे दोन्ही बाजूंना एक-दीड पाऊल.

"पाचांना जमत नाही ते तिघांना कसं जमेल?" हा प्रश्न दर वेळी येतो. बॉल न उचलला जाण्याचं कारण माणसं कमी पडणं हे नसतंच. कुणाचा ते ठरलेलं नसणं हे असतं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकेच्या पुरुष संघाने तर सर्व्हिस उचलायचं काम मुख्यतः दोघांवर सोपवलं होतं, कार्च किराय आणि आल्डिस बर्झिन्स. बाकीचे वाटेतून बाजूला. प्रशिक्षक डग बील यांनी ही मांडणी केली आणि त्यानंतर जगभरातले संघ कमी रिसिव्हरांकडे वळले. दोघांवर मैदान सोडण्याइतके हात आपल्याकडे नसतात, त्यामुळे ती नक्कल करू नका. तिघं मात्र बहुतेक गटांत निघतात. १९९८ पासून लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या ओळीत बॉल उचलायला खेळणारा खेळाडू, हाही नियमात आहे. तुमच्या गटात बुटका पण चपळ, स्मॅश मारायला न मिळणारा एखादा मुलगा असेल तर त्याला तिघांतला मधला करा आणि त्याला सांगा की मैदान त्याचं आहे.

तिघं निवडताना आदर, वय, वर्गणी कोण जास्त देतं, हे बाजूला ठेवा. वहीतले गोल बघा. ज्याच्या हाताला लागून बॉल उडतो त्याने रिसिव्हच्या वेळी नेटजवळ किंवा साइड लाइनला जाऊन उभं राहावं. त्यात कमीपणा नाही. तो स्मॅशला मोकळा राहतो.

फट कुणाची, हे कसं ठरवायचं

तिघं उभे केले की दोन फटी उरल्या. आता प्रत्येक फटीला मालक द्या. मला तीन नियम उपयोगी वाटतात, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिला: बॉल ज्याच्याकडे येतो आहे त्याचा, ज्याच्यापासून दूर जातो आहे त्याचा नाही. समोरचा त्याच्या उजव्या कोपऱ्यातून सर्व्हिस मारतो, म्हणजे आपल्या डाव्या हाताकडून. तिरकी सर्व्हिस आपल्या डावीकडून उजवीकडे चालते. डाव्या आणि मधल्या खेळाडूंच्या फटीत ती आली तर डाव्याच्या अंगावरून पुढे जाते आणि मधल्याच्या अंगावर येते. ती मधल्याची. डाव्याने हात घातला तर त्याला बाजूला लोंबकळत, खांदा मागे टाकून घ्यावी लागते, आणि तसा घेतलेला बॉल बाहेरच जातो. सर्व्हिस करणारा दुसऱ्या कोपऱ्यात गेला की मालकी उलटते. म्हणून समोरचा कुठे उभा आहे हे बघून, शिटी वाजायच्या आधी, मधल्याने दोन्ही बाजूंना बोटाने दाखवायचं: ही फट माझी, ती तुझी.

दुसरा: फटीत एक पुढे जातो, दुसरा मागे. दोघंही बॉलकडे निघाले तर त्यांच्या वाटा एकमेकांना कापू नयेत. ज्याची फट आहे तो सरळ बॉलवर, दुसरा एक पाऊल मागे सरून त्याच्या पाठीमागे. टक्कर टळते, आणि बॉल लांब गेला तर मागे कुणीतरी असतं. सर्वांत कमी शिकवली जाणारी हालचाल हीच आहे. आपल्याकडे ज्याचा बॉल नाही तो तिथेच उभा राहून बघतो. त्याचे पाय हलले नाहीत तर मालकी ठरवूनही फट उघडी राहते.

तिसरा: शंका आली तर मधल्याचा. नियम म्हणून हा रांगडा आहे, पण शंकेच्या क्षणी सुबक नियम आठवत नाही.

हाक कधी आणि कोणती

"बोला रे" या सूचनेत काय बोलायचं आणि कधी, हे नसतं. हाक बॉल नेट ओलांडायच्या आत यायला हवी. त्यानंतर आलेल्या हाकेने शेजारी थांबत नाही, फक्त दचकतो. घेणाऱ्यानेच मालकीचा शब्द बोलायचा, बाकीच्यांनी नाही. "तुझा, तुझा" ही हाक मी सरळ बंद करायला सांगतो. ती ऐकू येते तोवर उशीर झालेला असतो, आणि बोलणाऱ्याच्या मनात आपण जबाबदारीतून सुटलो एवढंच उरतं. न घेणाऱ्यांना बोलायला दुसरं काम आहे: "पुढे", "मागे", "बाहेर". लाइनच्या बाहेर जाणारा बॉल घेणाऱ्याला कळत नाही, शेजारच्याला कळतो.

वडोदऱ्याच्या मैदानावर एका संघात मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही बोलणारे असतात, आणि प्रत्येक जण घाईत आपल्या घरच्या भाषेत ओरडतो. शब्द कुठलाही चालेल, पण सहाही जणांचा एकच हवा, दोन अक्षरांचा हवा, आणि तो पहिल्या दिवशी ठरवून सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्यायला हवा.

काका, दादा आणि न निघणारी हाक

याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तंत्राच्या कुठल्याही पुस्तकात हे सापडत नाही आणि आपल्या गटांत फुल्यांचं सगळ्यांत मोठं कारण हेच असतं.

आपला संध्याकाळचा संघ एका वयाचा नसतो. एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकणारा एकोणीस वर्षांचा पोरगा असतो, रिफायनरीतून किंवा बँकेतून सुटून येणारे पन्नाशीचे काका असतात, मधल्या वयाचे दोन-तीन दादा असतात. मुलाचे हात सगळ्यांत चांगले असतात, पाय तर असतातच. पण बॉल काकांच्या आणि त्याच्या मधे आला की तो थांबतो. काकांच्या पुढ्यातून बॉल ओढून घेणं त्याला उद्धटपणा वाटतो. काका पूर्वी सगळं घ्यायचे, म्हणून आताही पहिलं पाऊल टाकतात, मग गुडघा नाही म्हणतो आणि ते थांबतात. दोघंही भल्या मनाने थांबलेले असतात. बॉल पडतो.

वहीत एकाच जोडीच्या मधे फुल्या दाटल्या असतील, आणि त्या जोडीत वयाचं अंतर असेल, तर हेच आहे असं समजा. उपाय मुलाला "धीट हो" असं सांगणं नाही. तो सांगून धीट होत नाही, आणि त्याच्या घरच्यांनी त्याला जे शिकवलंय ते चुकीचंही नाही. उपाय काकांकडून यायला हवा. त्यांनी सगळ्यांसमोर एकदा म्हणावं, "या फटीतला बॉल तुझा. तू घेतला नाहीस तर मी विचारणार." मोठ्याने दिलेली परवानगी ही इथे चाल आहे. ती मिळाली की मुलाचा आवाज त्याच संध्याकाळी मोकळा होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

मैदानाच्या आत हाकेला "काका" आणि "अहो" जोडायचं नाही, हेही ठरवून टाका. बाहेर आल्यावर पाणी आधी काकांना द्या, त्यांच्यासाठी खुर्ची आणा, सगळा मान ठेवा. आत मात्र एकच शब्द, सगळ्यांसाठी तोच.

उलटा प्रकारही असतो. एक मोठा आवाज सगळीकडे "माझा" म्हणतो, आणि बाकीचे हळूहळू मागे हटतात. वहीत त्याच्या आजूबाजूला गोल दाटलेले दिसतील, फुल्या कमी. त्याला गप्प करू नका. त्याची हद्द चुन्याच्या फक्कीने मैदानावर आखून दाखवा आणि आठवडाभर त्या रेघांत खेळवा.

एकाच रोटेशनला पॉइंट जात असतील तर

लिफ्टर कुठे होता हे वहीत लिहायला सांगितलं ते यासाठी. फुल्या लिफ्टर ५ वर असताना जास्त असतील, तर दोष रिसिव्हरांचा नसून लिफ्टरच्या वाटेचा आहे. डाव्या मागच्या कोपऱ्यातून त्याला २ आणि ३ च्या मधे, नेटपासून साधारण एक मीटरवर पोचायचं असतं. सर्व्हिस होताच तो मैदान तिरकं कापत पळतो, आणि पळताना रिसिव्हरच्या डोळ्यांसमोरून जातो. बॉल दिसायच्या नेमक्या क्षणी माणूस आडवा येतो.

नियम काय सांगतो ते नीट बघितलं तर मार्ग निघतो. सर्व्हिस होईपर्यंत पुढचा खेळाडू आपल्या बरोबर मागच्याच्या पुढे असला पाहिजे: ४ हा ५ च्या, ३ हा ६ च्या, २ हा १ च्या. आणि आपापल्या ओळीत डावा, मधला, उजवा हा क्रम टिकला पाहिजे. बस. ५ वरच्या लिफ्टरने मागच्या कोपऱ्यात उभं राहायलाच हवं असं कुठेही नाही. ४ चा खेळाडू डाव्या साइड लाइनजवळ नेटला जातो, लिफ्टर त्याच्या एक पाऊल मागे उभा राहतो. सर्व्हिस झाली की लिफ्टर नेटच्या कडेकडेने उजवीकडे जातो, कुणाच्या समोरून नाही. मागचं मैदान तिघांना मोकळं. लिफ्टर ६ वर असताना तो ३ च्या मागे दडतो, १ वर असताना २ च्या मागे. लिफ्टर पुढच्या ओळीत असला की हा प्रश्नच येत नाही.

खडूने जमिनीवर सहा रोटेशनं काढा, प्रत्येकात सहाही जण प्रत्यक्ष उभे राहा. अर्धा तास लागतो. "पोझिशन चुकली" म्हणून जाणारे पॉइंटही त्यातच वाचतात.

हात लागूनही बॉल उडत असेल तर

यात कारणं फार नाहीत. पळताना हात जोडलेले असणं हे पहिलं. हात जोडून माणूस धावू शकत नाही, म्हणून पोचतच नाही. आधी पाय, थांबल्यावर हात. दुसरं, टाचांवर उभं राहणं. तिसरं, बॉल हातावर आल्यावर झोका देणं. सर्व्हिसला स्वतःचा जोर असतो, तिला फक्त दिशा द्यायची असते, तीही खांद्याने.

फ्लोट सर्व्हिस मात्र वेगळी वागते. बॉल फिरत नसतो, त्यामुळे त्याच्याभोवतीची हवा दोन्ही बाजूंनी सारखी सुटत नाही आणि तो अखेरच्या टप्प्यात डोलतो, खाली बसतो. जितकी वाट बघाल तितका तो जास्त डोलणार. पुढे एक पाऊल टाकून, छातीच्या वर आला असताना, फिंगरने, म्हणजे दोन्ही हातांच्या बोटांनी वरून, घ्या. पहिल्या स्पर्शाला एकाच हालचालीत बॉल दोन्ही हातांना मागेपुढे लागला तरी नियमाने चालतं. धरून फेकला तर चालत नाही. जुन्या खेळाडूंना सर्व्हिस फिंगरने घेतली की फाऊल अशी धास्ती असते, म्हणून ते मागे हटत हटत अंडरहँडने घेतात. ती धास्ती सोडा.

बॉलमधली हवाही तपासा. नियमात दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.३० ते ०.३२५ किलो आहे. बोटाने दाबून "ठीक आहे" म्हणणं पुरेसं नाही, गेज असलेला पंप घ्या. मे महिन्यात दुपारभर डिकीत पडलेला बॉल संध्याकाळी दगडासारखा झालेला असतो, आणि हातावरून उडण्याचा दोष बिचाऱ्या हातांना मिळतो.

मैदान, वारा, दिवे

मे-जूनमध्ये वडोदऱ्याला संध्याकाळी नैऋत्येकडून चांगला जोराचा वारा असतो. सर्व्हिस वाऱ्याविरुद्ध येत असेल तर ती अपेक्षेआधी खाली बसते, वाऱ्याबरोबर येत असेल तर एंड लाइनकडे पळते. बाजू बदलली की तिघांनी आपली ओळ एक पाऊल पुढे किंवा मागे घ्यायची. बहुतेक संघ बाजू बदलतात, उभं राहायची जागा तीच ठेवतात. उत्तरायणाच्या आगेमागे वाऱ्याबरोबर मांजाही असतो. खेळायच्या आधी नेट, खांब आणि जाळी यांवरून हात न फिरवता, डोळ्यांनी नीट बघून तो काढा.

दिव्यांखाली खेळत असाल तर कुठल्या जागेवरून बॉल दिव्यात हरवतो ते शोधा. तिथे उभा असणाऱ्याने "दिसत नाही" असं ओरडायचं आणि शेजाऱ्याने ती फट आपली समजायची. हेही आधी ठरलेलं असावं.

सराव कसा करायचा

आपला सराव म्हणजे गोल करून पासिंग, मग रांग लावून स्मॅश, मग मॅच. सामन्यातली प्रत्येक खेळी सर्व्हिसने सुरू होते आणि सरावात सर्व्हिस उचलायला दहा मिनिटंही मिळत नाहीत. स्मॅशची रांग निम्मी करा. वेळ तिथूनच निघेल.

सुरुवात बॉल न मारता करा. दोघं रिसिव्हर, समोरून एक जण नेटजवळून दोघांच्या मधेच बॉल टाकतो. घेणारा हाक देतो आणि बॉल हातात पकडतो. पकड धरली जाते ती दोन अटींवर: हाक बॉल नेट ओलांडायच्या आत आली, आणि दुसऱ्याने मागे पाऊल टाकलं. बॉल पकडला पण दुसरा हलला नाही, तर ती खेळी वाया. हे सोपं वाटतं म्हणून गट ते टाळतात. पंधरा मिनिटं करून बघा, दुसऱ्याचे पाय किती वेळा जागचे हलत नाहीत ते कळेल.

मग खऱ्या सर्व्हिसा. ज्यांची सर्व्हिस कच्ची आहे त्यांना एंड लाइनच्या तीन मीटर आत उभं करा, नाहीतर निम्मे बॉल नेटमध्ये जातात आणि रिसिव्हर नुसते उभे राहतात. प्रत्येक रिसिव्हला गुण द्या: लिफ्टर जागेवरून कुठेही बॉल देऊ शकला तर ३, दोन पावलं हलून देऊ शकला तर २, कसाबसा उंच उडवून दिला तर १, गेला तर ०. दहा सर्व्हिसांत तिघांनी मिळून २० मिळवायचे. न मिळाल्यास तिघांनी पुन्हा, एकट्याने नाही. गुण जोडीने मोजले की लोक जोडीने विचार करायला लागतात.

आठवड्यातून एकदा हाका बंद करून हेच खेळा. कुणी काही बोलायचं नाही. बॉल उचलले जात असतील तर मालकी डोक्यात बसली आहे. पडायला लागले तर हाकेने झाकलेली फट अजून तिथेच आहे, मागचे तीन नियम पुन्हा घ्या.

सामना चालू असताना

सलग दोन पॉइंट त्याच फटीत गेले की तिसऱ्याची वाट बघू नका. शिटीनंतर सर्व्हिस मारायला समोरच्याला ८ सेकंद असतात, त्याआधी बॉल आणायला वेळ जातो. तेवढ्यात मधल्याने बोटाने वाटणी पुन्हा दाखवायची. तरीही गेला तर टाइमआउट घ्या. ३० सेकंद मिळतात, त्यात एकच गोष्ट सांगायची: "ही फट आता याची, तू एक पाऊल साइड लाइनकडे." कुणामुळे गेला याची चर्चा त्या ३० सेकंदांत केली तर मैदानावर परत जाताना दोघंही बॉलपासून दूर राहायचंच ठरवून जातात.

वाटणी बसली की समोरचे दुसरीकडे बघणार, हे धरून चाला. बहुतेक वेळा ते आखूड मारायला लागतात, नेटपासून तीन मीटरवरच्या अटॅक लाइनच्या आसपास, कारण तिघं आता मागे आहेत. ती सर्व्हिस नेटजवळच्यांनी मागे फिरून घ्यायची नाही. ज्या रिसिव्हरच्या रेषेत ती आहे त्यानेच पुढे धावून घ्यायची, त्याला बॉल समोर दिसत असतो. नेटला घासून टपकन पडणाऱ्या सर्व्हिसचा अपवाद करा. ती जवळ असेल त्याची. २००० च्या सुमारास नियम बदलला आणि नेटला लागून आलेली सर्व्हिस चालू धरली जाते, तरी जुने खेळाडू ती पूर्वीसारखी फाऊल धरली जाईल म्हणून अजून थांबतात. सरावात मुद्दाम बॉल नेटच्या पट्टीवर टाकून त्यांच्याकडून तो खेळवून घ्या, दर वेळी चार-पाच तरी.